चढावर गेलेलं पाणी

डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यातली रेघ मी दुसऱ्यांदा घासत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं हो?"

मी उकिडवा बसलो होतो. उठून उभा राहिलो आणि छातीवर हात आडवा धरला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. मग हळू आवाजात "बाई गं" म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. एरवी मला चहा पेल्यातून यायचा, त्या दिवशी कपबशीतून आला. छातीएवढ्या पाण्याला कपबशी मिळाली, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. गळ्याला हात लावला असता तर सोबत बिस्किटही आलं असतं.

बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांच्या घरातही पाणी शिरलं होतं, गुडघ्याएवढं. नदीच्या त्या काठाला बंगले आहेत आणि बरोबर समोर, या काठाला, आमची गल्ली आहे. नदीनं दोन्हीकडे सारखीच हजेरी लावली. पण बंगल्याच्या बागेत तरंगणाऱ्या मोटारीचा फोटो छापून आला आणि आधी सगळ्यांचा जीव त्या मोटारीसाठी हळहळला. कुठून कुठून माणसं आली, मदत आली, विम्याची माणसं आली. बंगल्यांची फर्निचरं बदलली, हिरवळ नवीन अंथरली, आणि आता त्या कॉलनीत कोणी पूर हा शब्दही काढत नव्हतं. "त्या वेळी" असं म्हणायचे. डॉक्टरीणबाईंना घर विकायचं होतं. बघायला येणाऱ्यांना भिंतीवरची रेघ दिसता कामा नये, म्हणून मी.

रेघ मात्र हट्टी होती. भिंत आतून ओली असली की वर किती का रंग लावा, गाळाचा तो पिवळट पट्टा पुन्हा डोकं वर काढतो. मी बाईंना म्हणालो होतो, भिंत वाळू द्या. त्या म्हणाल्या, वेळ नाही.

रंगकामात हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं असतं. घासता घासता मी त्या प्रश्नाचाच विचार करत होतो. पूर ओसरल्यापासून जो भेटे तो हेच विचारी. कपडे वाटणारे, फोटो काढणारे, रस्त्यावर थांबलेले अनोळखी लोक, सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. पाणी कुठपर्यंत आलं होतं? घोट्यापर्यंत म्हणालं की पाठीवर थाप, कमरेपर्यंत म्हणालं की चुकचुकणं.

हा प्रकार मला नवा नव्हता. आमची ही गेली ती पुराच्या आधी, उन्हाळ्यात. आजारानं गेली, पुराशी तिचा काही संबंध नाही. तेव्हाही लोक भेटायला यायचे आणि विचारायचे, वय काय होतं? मी वय सांगायचो आणि समोरच्याचा चेहरा त्या आकड्याप्रमाणे बसायचा. हिचं वय असं होतं की फार लवकर गेली म्हणावं तर तेही नाही आणि सगळं बघून गेली म्हणावं तर तेही नाही. लोकांची पंचाईत व्हायची. मला त्यांचा राग नाही यायचा, नवल वाटायचं. आपण काय सांगितलं तर या माणसाला कळेल, हे मला काही केल्या उमगत नव्हतं.

आमच्या गल्लीतही मदत आली होती, पण पोत्यांतून. एक अख्खं पोतं गळ्यात बांधायच्या टायांचं निघालं. माझी थोरली मेव्हणी, हिची सख्खी बहीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, तिनं ते टाय एकाला एक गाठून कपडे वाळत घालायची दोरी केली. "साहेब लोक वाऱ्यावर वाळतायत," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. नंतर पोतीही बंद झाली. समोरच्या काठाला रंग लागला तसा लोकांचा समज झाला की पूर संपला.

मग एक दिवस बातमी आली की एक संस्था गल्लीतली घरं बघायला येणार आहे. ज्या घरांच्या भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या आहेत आणि ज्यांत पाणी खिडकीच्या खालच्या कडेच्या वर चढलं होतं, ती पाडून नवीन बांधून देणार. बाकीच्यांना नुसता गिलावा.

संध्याकाळी आमच्या गल्लीचे अध्यक्ष माझ्याकडे आले. अध्यक्ष म्हणजे सायकली दुरुस्त करणारा माणूस. कधीतरी नळाच्या भांडणात मध्यस्थी केली आणि तेव्हापासून नाव चिकटलं. आता त्याची बायकोही त्याला अध्यक्ष म्हणते. ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले की मोठी अडचण झालीय. संस्थेची माणसं रेघ बघायला येणार आणि गल्लीत रेघच उरली नाही. बाहेरच्या भिंती पावसानं धुतल्या आणि आतल्या बायकांनी. घरात परत आल्या आल्या सगळ्याजणी घासणी घेऊन भिंतींवर तुटून पडल्या होत्या. चिखलाच्या घरात कोण राहील?

"तू तिकडे रेघा पुसतोस ना," अध्यक्ष म्हणाले, "मग तिकडची काढलेली इकडे लाव."

मी हसलो, पण ते गंभीर होते. खोटं थोडंच आहे, पाणी तर आलंच होतं, असं त्यांचं म्हणणं. ते मलाही पटलं. प्रश्न राहिला उंचीचा. चौकात सगळे जमले आणि ज्याच्या त्याच्या घरातलं पाणी ज्याला त्याला जास्त आठवायला लागलं. नदीच्या अगदी जवळच्या घरात पाव विकणारी म्हातारी राहते, तिला आम्ही मावशी म्हणतो. ती म्हणाली, माझ्या दाराच्या चौकटीच्या वर होतं. अध्यक्षांनी तिला दटावलं, की मावशी, इतकं ताणू नका, कोणी विश्वास ठेवणार नाही. वरच्या टोकाचे लोक म्हणाले, आम्हाला कमी का म्हणून? शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला. सगळ्यांना सारखं पाणी. ज्याचं माप खरं आहे त्याच्यावरून सगळ्यांचं घ्यायचं.

खरं माप एकाच घरात होतं, माझ्या.

माझ्या मधल्या भिंतीवर हिच्या डोक्याचा डाग आहे. आजारपणात ती विटा लावून उंच केलेल्या खाटेवर भिंतीला टेकून बसायची, महिनोन् महिने, आणि तेल लावलेल्या केसांचा ताटलीएवढा गोल डाग तिथे उमटला होता. रंगाऱ्याच्या घरात असा डाग, म्हणून ती स्वतःच हसायची. मी ब्रश घेतला की म्हणायची, आता नको, बरी झाले की एकदमच रंगवा. पुरात आसऱ्याला गेलो होतो त्या शाळेतून पूर ओसरल्यावर परत आलो तेव्हा खाट गेली होती, भांडी चिखलात रुतली होती, आणि मी आधी ती भिंत बघितली. पाणी डागाच्या चार बोटं खाली थांबलं होतं. अक्का घासणी-बादली घेऊन आली, तिला मी बाकीचं घर धुऊ दिलं, पण त्या भिंतीला हात लावू दिला नाही. त्यामुळे रेघही राहिली आणि डागही.

मी काठी घेतली, जमिनीपासून माझ्या रेघेपर्यंत धरली आणि बरोबर तेवढी कापली. नदीचा गाळ गाळून घेतला, त्यात जरा डिंक आणि चहाचं काळं पाणी घातलं. रंग असा जमला की खऱ्या रेघेशेजारी धरला तर मलाही ओळखू येईना. मग एकेका घरात जाऊन काठी जमिनीवर टेकवायची, खूण करायची, सुताची दोरी ताणून मारायची आणि चिंधीनं पट्टा ओढायचा. आत एक, बाहेर दरवाजाच्या बाजूला एक. आम्हा रंगाऱ्यांचा हात असाच बसलेला असतो. खालचा गडद पट्टा काढायचा तर जमिनीपासून मोजायचा. आयुष्यभर तेच केलं.

लोक खूश झाले. मावशी तेवढी तोंड वाकडं करून म्हणाली, "माझं पाणी कमी केलंस रे."

संस्थेकडून एकच बाई आली. तरुण इंजिनिअर, पाठीला पिशवी, पायात चिखलाचे बूट. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. ती खालच्या टोकापासून सुरू झाली. प्रत्येक दारात विचारायची, पाणी कुठपर्यंत, आणि घरातला माणूस रेघेकडे बोट दाखवायचा. रेघ दर वेळी तिच्या खांद्यापाशी. ती हात लावून बघायची, भिंतीवर टकटक करायची, मान डोलवायची आणि पुढे जायची. मी घराला कुलूप लावून बाहेरच उभा होतो, माझं राहू द्या म्हणालो होतो. मला ती भिंत कोणाला दाखवायची नव्हती. पाणी खिडकीच्या कडेच्या वर होतं, म्हणजे भिंत पाडणार, हे मला समजत होतं.

वरच्या टोकाला अध्यक्षांचं घर. तिथे पोचेपर्यंत मॅडम दमल्या. अध्यक्षांच्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं, आणि पिता पिता त्यांनी खाली, गल्लीकडे बघितलं. पेला तोंडाशीच राहिला.

आमची गल्ली चढाची आहे. नदीपाशी सुरू होते आणि अध्यक्षांच्या घरापर्यंत चढत जाते. चालताना कोणाच्या लक्षात येत नाही, कारण चालणारा जसा चढतो तशी प्रत्येक दारातली रेघही चढते आणि कायम त्याच्या खांद्यापाशीच राहते. पण वर बसून बघितलं की दिसतं. सगळ्या घरांवरून ती रेघ, जिन्याचा कठडा असावा तशी, पायरी पायरीनं वर आली होती.

"पाणी चढावर चालत आलं का हो?" मॅडमनी विचारलं.

मी काठीकडे बघितलं, ती अध्यक्षांच्या दारामागे अजून उभी होती. जमिनीपासून मोजलं होतं मी. पुराला कसली आलीय जमीन? त्याचं वरचं टोक सपाट असतं, खाली काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे शेंबड्या पोराला कळतं आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

अध्यक्ष खाकरले. "काय आहे मॅडम," ते म्हणाले, "नळाचं पाणी इथवर, या चढावर, आजवर कधी आलं नाही. म्हणून पुराचं आलं तेव्हा आम्हालाही नवल वाटलं."

मॅडमनी ओठ दाबून धरले, पण हसू बाहेर पडलंच. मग सगळी गल्ली हसली. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या की त्यांना राग आलेला नाही, पण आता अडचण आहे. खरी रेघ नसेल तर त्या कोणत्याच घराचं नाव पुढे देऊ शकत नाहीत. संस्थेत वर बसलेल्यांना एवढंच कळेल की गल्लीनं फसवलं. कुठे एका तरी घरात जुनी रेघ उरली आहे का?

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, ते कळत होतं. खरी रेघ निघाली तर त्यांचं स्वतःचं नवीन घर हातचं जाणार होतं, म्हणून ते गप्प असतील असं म्हणता येईल. पण मला वाटतं ते माझ्यासाठी गप्प होते. अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिचं घर माझ्या घराला लागून, खालच्या बाजूला. तिच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती आणि ती त्याच भिंतीखाली झोपायची. तिला माहीत होतं माझ्या घरात काय आहे. ती आपल्या पायांकडे बघत राहिली. तिनं एक शब्द काढला असता तर कदाचित मी चिडलो असतो. तिनं काढला नाही.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

कुलूप काढताना अक्का पाठीशी आली आणि हळूच म्हणाली, "भावोजी, ती भिंत जाणार."

"माहीत आहे."

"माझ्या बहिणीचं आयुष्य गेलं, तुमच्या हातून त्या भिंतीला ब्रश लागला नाही. आता मॅडम आल्या तर लगेच दार उघडलंत." तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मला आत ढकललं.

मॅडमनी रेघेवर नखानं खरवडलं, वास घेतला, आणि ही खरी असं म्हणाल्या. मग त्यांची नजर वर गेली. "आणि हे? पाणी आधी इथपर्यंत चढून उतरलं का?"

"ते पाणी नाही. माझी बायको टेकून बसायची. तिच्या केसांच्या तेलाचा आहे."

मी वाट बघत राहिलो. आता विचारतील, काय झालं होतं, मग वय. उत्तर तोंडाशी तयार होतं. मॅडम डागाकडे बघत होत्या, मग मागे वळून खिडकीकडे बघितलं, पुन्हा डागाकडे.

"इथून त्यांना काय दिसायचं?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. याला हात धरून दाखवता येत नाही. मी म्हणालो, नळ. खिडकीसमोरच गल्लीचा नळ आहे. मी कामावरून आलो की ही दिवसभराच्या बातम्या द्यायची. कोणाची घागर कोणी पुढे सरकवली, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या सुनेनं आज सासूला रांगेत मागे टाकलं. पाववाल्या मावशीची निळी बादली चोरीला गेली तेव्हा तर तिनं मला तीच गोष्ट सलग काही दिवस पुरवून पुरवून सांगितली होती. मावशीनं साऱ्या गल्लीला शिव्या घातल्या आणि शेवटी बादली तिच्याच खाटेखाली निघाली. मी सांगत गेलो आणि मॅडम पिशवी खाली ठेवून ऐकत राहिल्या. हिच्याबद्दल मी इतकं सलग कोणाशी बोललो नव्हतो.

शेवटी त्यांनी भिंतीला अंगठा दाबला. अंगठा आत गेला. माती ओल्या भाकरीसारखी होती. "ही भिंत आता नुसती सवयीनं उभी आहे, काका," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "पाडा."

त्यांनी पिशवीतून लांबच लांब पारदर्शक नळी काढली आणि तिच्यात पाणी भरलं. गवंडी वापरतात तशी. नळीचं एक टोक माझ्या रेघेला लावून मी धरलं आणि दुसरं टोक घेऊन त्या बाहेर पडल्या. नळी किती का वाकडीतिकडी जाईना, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. माझ्या टोकाचं पाणी हललं, डुचमळलं आणि बरोबर रेघेवर येऊन थांबलं. मग बाहेरून आवाज आला, "इथे."

पहिलं "इथे" अक्काच्या घरात झालं. मी काढलेल्या रेघेपेक्षा खरी रेघ चांगली हातभर वर निघाली. आम्ही तिचं पाणी कमी दाखवलं होतं. नळी खाली सरकत गेली तसं इथे, इथे, असं वर वर जात राहिलं. मावशीच्या घरात मॅडमना स्टूल घ्यावं लागलं. खूण दाराच्या चौकटीच्या वर पडली, अगदी तिनं सांगितली होती तिथे. मावशी पाव झाकायचं फडकं हातात घेऊन उभी होती. "मी ताणत होते का?" एवढंच तिनं अध्यक्षांना विचारलं.

मग नळी वर निघाली. वरच्या घरांत रेघ उतरत गेली, मांडीला, गुडघ्याला, घोट्याला. अध्यक्षांच्या दारात तर नळीचं टोक उंबऱ्याच्याही खाली, पायरीवर धरावं लागलं. पाणी त्यांच्या घरात आलंच नव्हतं. त्यांनी आत जाऊन त्या छातीएवढ्या पट्ट्याकडे बघितलं.

"अध्यक्ष, मग तुमचं अंथरूण कसं भिजलं?" कोणीतरी विचारलं.

"खालच्यांना झोपायला दिलं होतं," त्यांची बायको आतून म्हणाली. "अंगावर नदी घेऊनच आले होते सगळे."

नवीन घर त्यांना मिळणार नव्हतं. त्यांनी खिशातून चिंधी काढली, थुंकी लावली आणि माझी रेघ पुसायला लागले. ती सहज निघाली. रंगारी म्हणून मला जरा वाईट वाटलं.

नंतरच्या आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा त्यांची रेघ तिसऱ्यांदा वर आली होती. बाई वैतागल्या होत्या. मी त्यांना मागच्या गच्चीवर नेलं आणि पलीकडच्या काठाला आमची गल्ली दाखवली. म्हणालो, हे तेच पाणी, बाई. तुमचं जोतं उंच आहे म्हणून तुम्हाला गुडघ्याला लागलं आणि आमच्या पाववाल्या मावशीला डोक्यावरून गेलं. वरून दोघींचं सारखंच. त्यांनी तिकडे बघितलं. मग मावशीचं घर कोणतं ते विचारलं, आता ती कुठे झोपते ते विचारलं, पाव अजून करते का ते विचारलं. एकदाही अरेरे म्हणाल्या नाहीत. खाली आल्यावर त्यांनी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला रेघ तशीच होती. "बाहेरची घालवा," त्या म्हणाल्या, "ही राहू द्या. माझ्या आईचे फोटो या खणात होते. ते कोणी विचारलंच नाही."

माझ्या घराची भिंत पाडायला गवंडी यायचे त्याच्या आदल्या दुपारी मी घरी होतो. सामान शाळेत नेऊन ठेवलं होतं, खोलीत फक्त रंगाचा एक रिकामा डबा आणि खाटेखालच्या विटा होत्या. मॅडमचा प्रश्न डोक्यात घोळत होता. विटांवर तो डबा मी भिंतीशी उपडा घातला, त्यावर बसलो आणि हिच्यासारखं टेकलो. माझं डोकं डागाच्या वर गेलं, मी उंच आहे. म्हणून जरा खाली घसरलो, डोकं बरोबर डागावर येईपर्यंत. आणि समोर बघितलं.

नळ दिसत नव्हता.

खिडकीची खालची कड मध्ये येत होती. तिच्या वर समोरच्या घराचा पत्रा, एक तार आणि उरलेलं आकाश, बस. मी मान लांब केली, इकडे झुकलो, तिकडे झुकलो. नळ नाहीच. उभा राहिलो तर नळ दिसला, बसलो की गेला. इतके महिने मी तिच्या खाटेशी उभं राहून खिडकीबाहेर बघितलं होतं आणि धरून चाललो होतो की तिलाही तेच दिसतंय. पुन्हा माझीच काठी, माझ्याच जमिनीवरून.

मी अक्काला हाक मारली. ती पलीकडे टायांची दोरी सोडत होती. मी तिला विचारलं की हिला इथून नळ दिसत नव्हता, मग ती मला रोज काय सांगायची?

अक्का दारात आली. "तुम्हाला आत्ता कळलं?"

मी मान हलवली.

"ती ऐकायची. प्लास्टिकची बादली कोणाची, पत्र्याचा डबा कोणाचा, कोण चपला घासत येतं, सगळं तिला आवाजावरून कळायचं. मी कधी खिडकीशी थांबले तर थोडं मी सांगायची." अक्काला हसू आलं. "आणि निम्मं ती स्वतःच लावायची. मी म्हटलंसुद्धा, अगं, खोटं का सांगतेस त्यांना? तर म्हणाली, दिवसभर दमून येतात, मी काय औषधाच्या बाटल्यांबद्दल बोलू?"

"कोणतं निम्मं?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? ऐकायला तुम्ही होतात."

ती गेली. मी डब्यावर बसून राहिलो. भिंतीकडे बघायचं म्हणून बसलो होतो, पण मन भिंतीवर राहीना. एकेक गोष्ट आठवायला लागली. सुनेनं सासूला मागे टाकलं ते खरं का? घागर खरंच कोणी पुढे सरकवली का? अध्यक्षांच्या बायकोनं भर रांगेत गाणं म्हटलं होतं ते? इतकं सगळं माझ्याजवळ होतं आणि त्यातलं कोणतं गल्लीचं आणि कोणतं हिचं, हे मला सांगता येत नव्हतं. पण विचारता येत होतं. ज्यांच्या त्या गोष्टी होत्या ती माणसं रोज चार वाजता नळावर यायची.

मी बादली घेतली आणि बाहेर पडलो. रांगेत पाववाली मावशी उभी होती.

"मावशी," मी म्हणालो, "गेल्या वर्षी तुमची निळी बादली चोरीला गेली होती का हो?"

"निळी?" मावशीनं कपाळाला आठी घातली. "माझ्याकडे निळी बादली कधीच नव्हती. हिरवी होती." मग ती माझ्याकडे रोखून बघायला लागली. "पण गेली होती. साऱ्या गल्लीला शिव्या घातल्या मी. आणि घरातच सापडली, ते मी मेलं कोणाला सांगितलं नाही. तुला कोण बोललं?"

मी माझी बादली तिच्या बादलीमागे रांगेत ठेवली.

"सांगतो," मी म्हणालो. "आधी तुम्ही मला सांगा, कुठे सापडली?"